मामांनी कबूल केलेली जागा

माणूस गेला की त्याचे दुर्गुण त्याच्याबरोबर जातात आणि बायकोच्या वाट्याला नुसते त्याचे चाहते उरतात, हे मामीला त्या सकाळी संडास धुताना कळलं.

बाहेर गाड्या यायला लागल्या होत्या. एकेक गाडी फाटकातून आत यायची, तिच्यातून तोंड पाडलेली माणसं उतरायची, कॅम्पभर नजर फिरवून एक लांब उसासा टाकायची आणि मग मुकाट्यानं संडासाची वाट धरायची. लांबून आलेली माणसं, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पण दुःख आणि लघवी एकाच वेळी आली की माणूस आधी कुठं जातो हे मामीला आज बसल्या जागी दिसत होतं, आणि दोन्हींच्या मागची साफसफाई तिच्याच गळ्यात होती.

सगळे खुंटीमामांच्या आठवणीसाठी जमत होते. मामा, म्हणजे तिचा नवरा, थंडीच्या सुरुवातीला गेला. त्याला हे नाव पडलं ते त्याच्या संध्याकाळच्या फेरीमुळे. हातात लाकडी मोगरी आणि खिशात लोखंडी खुंट्या घेऊन तो रोज तळ्याकाठच्या त्या कॅम्पच्या मैदानातून, सुट्टीला आलेल्या लोकांच्या तंबूंमधून फिरायचा. कुणाच्या तंबूची दोरी सैल दिसली की वाकून दोन ठोके घालायचा, मग तिथंच उकिडवा बसून गप्पा छाटायचा. पोरं कशी आहेत, पाठ काय म्हणते, झोप लागते का. शहरात ज्यांना शेजारी ओळखत नव्हता अशा माणसांना मामांनी पाठीची चौकशी केली की भरून यायचं. एकदा जो आला तो पुढच्या वर्षी पोराबाळांसकट यायचा. मामा सगळ्यांचा मामा झाला आणि ती आपोआप सगळ्यांची मामी. तिला कुणी विचारलं नव्हतं.

कामाची वाटणी त्या दोघांत पहिल्यापासून ठरलेली होती. हो म्हणायचं ते मामांनी, नाही म्हणायचं ते मामीनं. रात्री गाणी वाजवू का? मामा म्हणायचा, वाजवा की, आनंद करा. मग मामी जाऊन बंद करायला लावायची. झाडाखाली शेकोटी पेटवू का? मामा म्हणायचा, पेटवा. मग मामी बादली घेऊन यायची. लोक तिच्याकडे बघायचे आणि आपसात म्हणायचे, एवढ्या देवमाणसाला ही कुठून मिळाली. एकदा एक बाई तिच्या तोंडावरच म्हणाली की मामांचा स्वभाव कसा लोण्यासारखा. मामी म्हणाली, लोणी आहेच हो, पण ते ज्या भांड्यात राहतं ते कडक लागतं, नाहीतर वाहून जातं. बाईला ते कळलं नाही. तिनं हसून मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मामांना सांगितलं की मामी तुम्हाला भांडं म्हणत होत्या.

हे सगळं मामीनं पोटात घातलं असतं. तिच्या पोटात पुष्कळ जागा होती. नव्हती ती घरात.

ऑफिसच्या मागं दोन खोल्या होत्या, त्यांत त्यांचा संसार झाला. ऑफिसला बाहेरच्या अंगाला एक खिडकी, आणि त्या खिडकीवर टकटक केली की कुणीतरी उठायचंच, हा मामांचा नियम. मीठ, काडेपेटी, डोकेदुखीची गोळी, उशीचा अभ्रा, लोक काय वाटेल ते मागायचे. मामी जेवायला बसली की टकटक. केस धुऊन डोकं पुसत बसली की टकटक. पोरगा जन्मला त्या दिवशीसुद्धा कुणीतरी खिडकीशी येऊन, तंबूत मुंग्या झाल्यात, पावडर आहे का, असं विचारून गेलं. आणि मामा ज्या दिवशी गेला, आतल्या खोलीत चादरीखाली निजलेला होता आणि डॉक्टर हात धुऊन नुकताच बाहेर पडला होता, तेव्हा खिडकीशी एक गृहस्थ आला आणि त्यानं विचारलं, मामा आहेत का? मामी म्हणाली, आहेत, पण उठायचे नाहीत. तो म्हणाला, मग तुम्हीच द्या ना थोडं गरम पाणी. तिनं दिलं. ते तिला स्वतःलाच पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं, की आपण दिलं कसं.

तर मामीला घर हवं होतं. खिडकीवर कुणी टकटक करणार नाही असं घर. मोठं नको, दोन खोल्या आणि पुढं बसायला ओटा. जागा तिनं लग्नाच्या वर्षीच हेरून ठेवली होती. मैदानाच्या पार टोकाला, मोठ्या झाडापलीकडं, जिथं जमीन थोडी उंच होऊन तळ्यात शिरते, तिथं. सगळे तिला काठची जागा म्हणायचे. मामांनी ती कबूल केली होती. पुढच्या वर्षी बांधूच, असं तो दरवर्षी म्हणायचा, इतक्या मायेनं की ऐकणाऱ्याला घर उभं राहिल्यासारखंच वाटावं. इतकी वर्षं तिनं तो कोपराला लावलेला गूळ चाटायचा प्रयत्न केला.

आता तिनं कुणाला न सांगता गवंड्याला निरोप धाडला होता. आठवणींचा कार्यक्रम होऊन जाऊ दे, दुसऱ्या दिवशी सकाळी ये आणि आखणी कर.

संडासातून बादली घेऊन ती बाहेर आली तेव्हा मास्तर काठच्या जागेवर तंबू ठोकत होते.

मास्तर म्हणजे नेमानं येणाऱ्यांचे म्होरके. शाळेतून निवृत्त झाले तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कॅम्पवर कुणी कुठं गाडी लावावी, कचरा कुठल्या डब्यात टाकावा, हे ते मामीच्या आधी सांगायचे. तिनं लांबूनच विचारलं की मास्तर, अख्खं मैदान मोकळं असताना तिथं कशाला. त्यावर मास्तर अगदी हळवे होऊन म्हणाले की आजची रात्र मला मामांच्या लाडक्या जागेवर काढायची आहे, उद्यापासून इथं कुणी झोपणार नाही.

का झोपणार नाही, ते मामीला समजेना. मग तिचं लक्ष मास्तरांच्या गाडीकडं गेलं. गाडीचं मागचं दार उघडं होतं आणि आत, जुन्या गादीवर, कोरीव अक्षरं असलेला एक काळा दगड निजवलेला होता.

ती तशीच बादलीसकट स्वयंपाकघरात गेली. मुलगा कपबश्या मोजून काढत होता, सून चहाचं मोठं पातेलं चढवत होती. मामीनं दगडाचं विचारल्यावर मुलाचे कान लाल झाले. लहानपणी खोटं बोलला की असेच व्हायचे. तो म्हणाला की सगळ्यांनी मिळून ठरवलंय. काठच्या जागेवर चौथरा बांधायचा, त्यावर तो दगड, भोवती बसायला बाक. ती जागा कायम मोकळी ठेवायची, बाबांच्या आठवणीसाठी. तुला कार्यक्रमातच सांगणार होतो.

"कार्यक्रमात का?"

"तू सगळ्यांसमोर नाही म्हणणार नाहीस म्हणून," सून पातेल्यात बघत म्हणाली. नवऱ्यानं डोळे वटारले तसं तिनं चहात साखर टाकली, गरजेपेक्षा जास्तच.

मामीनं मुलाला विचारलं की माझ्या घराचं तुला माहीत नव्हतं का. त्याला माहीत होतं. पण त्याचं म्हणणं असं की, आई, आता एकटीला कशाला हवं घर, या दोन खोल्या आहेत की. आणि लोकांचं बाबांवर इतकं प्रेम आहे. लोकांच्या मनाचा विचार करायला नको का?

मामीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं बादली मोरीत उलटी केली, हात धुतले आणि बाहेर जाऊन पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसली. तिचं ठरलं होतं. सगळं होऊ द्यायचं, आणि शेवटी उठून सांगायचं की ती जागा मामांनी मला कबूल केली होती. मेलेल्या माणसाचा शब्द आहे म्हटल्यावर त्याच्याच चाहत्यांना तो मोडता यायचा नाही. मास्तरांच्या तोंडात मारायला याहून चांगला दगड नव्हता.

कार्यक्रम पावसासाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. टेबलावर मामांचा फोटो, मोगरी खांद्यावर टाकून हसणारा. त्या फोटोत त्याचा सदरा इस्त्रीचा दिसत होता. इस्त्री कुणी केली ते फोटोत येत नाही.

एकेकानं उठून बोलायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नवरा सोडून गेला त्या वर्षी त्या इथं एकट्या आल्या होत्या, तेव्हा मामा रोज सकाळी त्यांच्या तंबूपाशी दुधाची किटली ठेवून जायचे. मामीला ती किटली आठवत होती. दूध तापवून ती भरायची कोण, हे डॉक्टरीणबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यानंतर ड्रायव्हर उठला. हा लांबच्या पल्ल्याची बस चालवायचा, आता गुडघे गेले होते. तो म्हणाला की वादळ झालं त्या वर्षी मामांनी आमच्या सगळ्या कुटुंबाला आपल्या खोलीत झोपायला दिलं. दिलं खरं. त्या रात्री मामी ऑफिसातल्या टेबलावर झोपली आणि तिची मान महिनाभर वळत नव्हती. दरवर्षी मिळून येणाऱ्या दोन जुळ्या बहिणी उठल्या. एकीनं वाक्य सुरू केलं, दुसरीनं संपवलं, आणि दोघी एकाच रुमालात रडल्या.

मामी ऐकत होती. प्रत्येक आठवणीच्या मागल्या बाजूला तिचा हात होता आणि पुढल्या बाजूला त्याचं हसू. लोक खोटं बोलत नव्हते, हाच तर वैताग होता. तो होताच तसा. कुणी दारात आलं की त्याचा चेहरा खरोखर उजळायचा. तिच्यासाठीही उजळायचा, पण ती दारात येणारी नव्हती, घरातलीच होती.

शेवटी मास्तर उठले. घसा साफ करून त्यांनी जाहीर केलं की सर्वांच्या इच्छेनुसार काठच्या जागेवर मामांचं स्मारक होणार आहे. ही त्यांची एकट्याची कल्पना नाही. मामांनी स्वतःच एकदा त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं होतं, मास्तर, माझ्यामागं ही जागा तुमच्या हवाली.

 मग डॉक्टरीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "असं कसं? ती जागा त्यांनी मला कबूल केली होती."

मास्तर हसले, लहान मुलाचं उत्तर चुकल्यावर हसतात तसे. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या की दवाखाना बंद केल्यावर इथं लाकडाची एक खोली बांधून राहा, असं मामांनी आपण होऊन सुचवलं होतं. काठच्या जागेवर. त्यांनी तर लाकडाची चौकशीही करून ठेवली होती.

आता ड्रायव्हर काठी टेकत उभा राहिला. त्याला वाटलं की बाईंचा काहीतरी घोटाळा होतोय. कारण मामांनी त्याला सांगितलं होतं, तुझी जुनी बस मोडीत घालू नकोस, इथं काठावर आणून लाव आणि तिच्यात राहा. बस त्यानं आजपर्यंत मोडीत घातली नव्हती. घराच्या पुढ्यात उभी आहे, शेजारी रोज भांडतात, आणि मामांच्या शब्दाखातर तो रोज ऐकून घेतोय.

जुळ्या बहिणींना तिथं फुलझाडं लावायला मिळणार होती. एकीला गुलाब, दुसरीला दुसरं काहीतरी, यावर मामांशी बोलणंही झालं होतं. मागच्या रांगेतल्या एका माणसाला, ज्याचं नावगाव मामीलाही धड माहीत नव्हतं, तिथं होडी बांधायचा धक्का कबूल झाला होता.  होडीचं ऐकल्यावर मुलाला राहवेना आणि तो म्हणाला, बाबांनी तिथं मला कॅन्टीन काढून द्यायचं कबूल केलं होतं, ते स्मारकासाठी मी सोडलं, आणि इथं होडीचा धक्का?

"मला तिथं झोपाळा बांधणार होते," सून चहाचे पेले ठेवता ठेवता म्हणाली. "लग्न झालं त्याच वर्षी." आणि तिला एकदम हसू फुटलं. बाकी कुणी हसलं नाही.

मग जे झालं ते आठवणींच्या कार्यक्रमात सहसा होत नाही. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना ढोंगी म्हटलं. मास्तरांनी डॉक्टरीणबाईंना सुनावलं की नवरा का गेला ते आता समजतंय. ड्रायव्हरनं मास्तरांची कॉलर धरायला हात पुढं केला, पण गुडघ्यानं साथ दिली नाही म्हणून खुर्चीची पाठ धरली. ज्यांचे तंबू वर्षानुवर्षं शेजारी शेजारी असत, जे एकमेकांच्या पोरांना भरवत आले होते, ते एकमेकांना खोटारडे म्हणू लागले. मामा खोटं बोलला असेल हे मात्र त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही. प्रत्येकाला खात्री होती की आपल्याला दिला तो शब्द खरा आणि इतरांना दिला ती थाप.

मामी मधल्या खुर्चीवर तशीच बसून होती. तिच्या ओठावर आलेलं वाक्य ओठावरच थिजलं होतं. ती जागा मामांनी मला कबूल केली होती. तेच वाक्य. शब्दाला शब्द. डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, ड्रायव्हर बोलून गेला, होडीवाला बोलून गेला. ती इतकी वर्षं ज्याला आपला एकटीचा शब्द समजून उशाशी घेऊन झोपत होती, तो त्यानं खुंट्यांसारखा खिशात भरून घेतला होता, आणि दिसेल त्याच्या दारात एकेक ठोकत गेला होता.

आणि त्यात कपट नव्हतं. हे तिला सगळ्यात जास्त लागलं. तिला डोळ्यांपुढं दिसत होतं तो कसा म्हणाला असेल ते, उकिडवा बसून, समोरच्याचा पडलेला चेहरा बघवत नाही म्हणून. नाही म्हणायला घरात बायको होती. पण ही एक गोष्ट त्यानं बायकोला सांगितलीच नाही, मग नाही म्हणणार कोण?

कुणाला तरी तिची आठवण झाली. बहुतेक जुळ्या बहिणींपैकी एकीला. मामींनाच विचारा, त्यांना ठाऊक असेल मामांनी खरं कुणाला कबूल केलं होतं. सगळी तोंडं तिच्याकडं वळली. मास्तर पुढं आले आणि वर्गात उत्तर काढून घ्यावं तसं म्हणाले, "सांगा मामी. मामांच्या मनात खरं कोण होतं?"

तिनं फोटोकडं पाहिलं. तो हसत होता. त्याला काय, हसायला काय जातंय.

"मामांच्या मनात सगळे होते," ती उठत म्हणाली. "त्यांच्या मनात पुष्कळ जागा. पण जमीन त्यांची नव्हती."

कुणाला काही उमजेना. तिनं मग फोड करून सांगितलं, आवाज न चढवता. हे मैदान, हे झाड, तळ्यापर्यंतचा हा सगळा पट्टा तिच्या बापाचा. बापाला मुलगा नव्हता. त्यानं तो लेकीला दिला, जावयाला नाही. हे लग्न करून आले तेव्हा यांच्याजवळ एक तंबू होता, तोही फाटका. पहिल्या उन्हाळ्यात तो इथं ठोकला, लोक बघायला आले, राहिले, आणि मैदानाचा कॅम्प झाला. झाला तो यांच्या गोड बोलण्यानं झाला, ते ती नाकारत नाही. पण त्यांनी तुम्हाला कबूल केली ती जागा द्यायचा त्यांना हक्कच नव्हता.

"तेव्हा भांडू नका," ती म्हणाली. "कुणालाच नाहीये. तिथं मी राहणार. दगड मास्तरांनी घरी न्यावा, त्यांच्या अंगणात शोभेल. चहा निवतोय, तो घ्या, आणि ज्याला जायचंय त्यानं जाताना आपापला कचरा उचलून न्यावा."

एवढं बोलून ती खाली बसली.  हे तिला कधीचं ठाऊक होतं. बापाची जमीन. आणि तरी आपल्याच मालकीच्या तुकड्यासाठी ती उभा जन्म नवऱ्यापुढं हात पसरून बसली होती, आणि तो पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी म्हणून तिच्या तोंडाला पानं पुसत होता. द्यायचा नव्हता त्याला अधिकार, मागायची नव्हती तिला गरज. हे मात्र तिनं लोकांना सांगितलं नाही. एवढं नागवं व्हायला ती तयार नव्हती.

लोक गेले. काही तिच्याशी न बोलता, काही मुद्दाम ऐकू जाईल असं बोलून. मामा होते म्हणून येत होतो. आता इथं काय उरलंय. एवढ्या देवमाणसाला ही कुठून मिळाली, हे जुनं वाक्यही नव्यानं ऐकू आलं.  मुलगा तेवढा तोंडावर बोलला. त्याच्या मते आईनं बापाला मेल्यावर सगळ्यांसमोर खोटं पाडलं आणि त्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. पुढच्या उन्हाळ्यात कुणी आलं नाही तर खायचं काय, असंही तो म्हणाला. मामी म्हणाली, येतील. संडास स्वच्छ असतात आपले. तो दार आपटून गेला. सुनेनं त्याचं ताट झाकून ठेवलं आणि सासूसमोर चहाचा पेला सरकवला. त्यात साखर बेतानं होती.

सकाळी गवंडी आला तेव्हा मैदान जवळजवळ रिकामं होतं. उभा होता तो एकच तंबू, काठच्या जागेवर. मास्तर गेलेच नव्हते. तंबूची चेन लावून आत बसले होते, आणि गाडीतला दगड रात्री कुणाच्या तरी मदतीनं बाहेर काढून त्यांनी तंबूच्या दाराशी टेकवून ठेवला होता. अक्षरं मामीच्या खोल्यांकडं तोंड करून.

गवंडी तंबूकडं बघत हसला. अजून हे असंच आहे का, म्हणाला. मामीनं विचारलं, असंच म्हणजे कसं? तेव्हा गवंड्यानं सहज सांगून टाकलं. त्याला मामांनी इथं आधीही बोलावलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. मामीला सांगू नकोस, एकदम पाया भरू, असं म्हणायचे. पण दर वेळी इथं कुणाचा ना कुणाचा तंबू असायचा. मामा म्हणायचे, एवढी माणसं उठू देत. मग पुढच्या वेळी दुसरी असायची. त्यांना कुणाला ऊठ म्हणवत नव्हतं.

 मामीला राग आला, आणि तो कालच्यापेक्षा वाईट होता, कारण कालच्या रागात रडू नव्हतं. मेल्या, मला सांगायचंस की. मनातल्या मनात ती त्याला म्हणाली. माणसं उठवायलाच तर होते मी.

मग ती तंबूपाशी गेली.

"मास्तर, बाहेर या."

आतून मास्तर म्हणाले की ते मामांच्या शब्दावर इथं बसले आहेत. मामांनी आजवर कुणालाही इथून उठवलं नाही.

"म्हणून तर मी आलेय."

"मामा असते तर..."

"मामा असते तर मी ओरडले असते, आणि माझ्या मागनं ते चहा घेऊन आले असते. मामीचं मनावर घेऊ नका म्हणाले असते. आणि तुम्ही राहिला असता." ती दगडाला वळसा घालून तंबूच्या दाराशी आली. "आता मागनं कुणी येणार नाही, मास्तर. आता मी एकटीच आहे. उठा."

 मग चेन सरकली आणि मास्तर बाहेर आले. एका बाजूचे केस उभे, पायात एकच चप्पल. एरवी दिसायचे त्यापेक्षा बरेच म्हातारे. ते तिच्याकडं न बघता तंबू सोडायला लागले. खुंट्या उपसायच्या कशा ते त्यांना येत नव्हतं. इतकी वर्षं ते काम मामाच करत आला होता. ते दोन्ही हातांनी खुंटी धरून ओढत होते आणि ती हलत नव्हती. गवंडी मदतीला निघाला तसं मामीनं त्याला हातानं थांबवलं. करू दे त्यांना. एकदा तरी करू दे.

मास्तरांचं होईपर्यंत गवंड्यानं मोकळ्या झालेल्या बाजूनं आखणीला सुरुवात केली. चुन्याची रेघ मारत मारत तो आला आणि त्यानं विचारलं, दार कुठल्या अंगाला?

 जागा मागण्यात मामीचा जन्म गेला होता, दाराचं तिनं कधी मनातच आणलं नव्हतं. ती रेघेच्या आत जाऊन उभी राहिली. एका बाजूला फाटक, एका बाजूला ऑफिस, एका बाजूला मैदान, आणि समोर नुसतं पाणी, ज्याच्यावरून कुणीही काहीही मागायला चालत येणार नव्हतं. ती सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून मास्तरांचा आवाज आला. धापा टाकत, हातात वाकडी झालेली खुंटी धरून, ते सवयीनं म्हणाले, "पाण्याकडं करा मामी. पाण्याकडंच चांगलं."

मामीनं त्यांच्याकडं वळूनही पाहिलं नाही.

"पाण्याकडं," ती गवंड्याला म्हणाली. "आणि हे मी आधी ठरवलं होतं."

"बरं," गवंडी म्हणाला.

"बरं नाही. यांनी सांगितलं म्हणून नाही, एवढं ध्यानात ठेव."

"ठेवलं, मामी," असं म्हणून गवंड्यानं रेघेत दाराएवढी जागा सोडली आणि तो पुढं सरकला.